कागदी घोड्याला दाग कुठे द्यायचा?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छावणीतल्या एखाद्या तरुण कॅप्टनच्या टेबलावर एक फाइल येते. वर सफाई कंत्राटदाराचं बिल, त्याखाली हजेरीपट, पीएफ आणि ईएसआयच्या चलनांच्या झेरॉक्स, आणि सगळ्यांत खाली एका ओळीचा दाखला: कराराच्या अटींप्रमाणे काम समाधानकारक झालं आहे. त्या ओळीखाली सही हवी असते. कॅप्टन तोफखान्यातला. तोफेची नळी किती गोळ्यांनंतर बदलायची, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला मागच्या बराकींच्या संडासांत सफाई दोनदा झाली की एकदा, हे तो कुठून सांगणार? हे काम त्याच्याकडे जादा जबाबदारी म्हणून आलेलं आहे. सरावाला जायचंय, वार्षिक तपासणी तोंडावर आहे, पुढच्या वर्षी बदली आहे. तो सही करतो.

त्या सहीत बेइमानी नसते, अज्ञान असतं. मला वाटतं, सैन्याच्या कंत्राटी सेवांचा सगळा प्रश्न त्या सहीत साठलेला आहे. रणगाडा घेतला की वर्तमानपत्रांत रकाने भरतात. बोफोर्स तोफेच्या दलालीवरून सरकारं हादरल्याचंही आपण पाहिलं. पण स्वयंपाक, सफाई, पहारा, भाड्याचे ट्रक, इमारतींची देखभाल, संगणकांची दुरुस्ती ही खरेदी कुणाच्या नजरेत भरत नाही. आपल्याकडे या रोजच्या, महसुली खात्यातल्या संरक्षण खरेदीसाठी २००९ ची नियमावली होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी लागू झाली. वर्षाला सुमारे १ लाख कोटी रुपयांची ही खरेदी. तिच्यात सुटे भाग आणि दारूगोळाही येतो, पण सेवाही येतात. त्यांचा मामला वस्तूंहून मुळातच वेगळा आहे.

वस्तू फाटकावर अडवता येते. दुधाचंच घ्या. ब्रिटिशांनी १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला लष्करी गोठा उघडला, कारण बाजारातल्या दुधावर गोऱ्या फौजेचा भरवसा नव्हता. पुढे देशभर असे गोठे झाले. आमच्या पिंपरीतला तर पुणेकरांच्या रोजच्या पत्त्याचा भाग होता. लेफ्टनंट जनरल द. बा. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर सरकारनं ३९ गोठे बंद करायचं ठरवलं आणि ३१ मार्च २०२१ ला हे खातंच संपलं. पुष्कळांना हळहळ वाटली. मला तो निर्णय बरोबर वाटला. दुधात लॅक्टोमीटर बुडवता येतो, फॅट काढता येतं, नासलेला कॅन परत पाठवता येतो. दूध पारखायला गोठा चालवता यायलाच हवा असं नाही.

सफाईत काय बुडवणार? झाडलेलं अंगण संध्याकाळपर्यंत पुन्हा मळतं. पहारेकरी रात्री जागा होता की नाही, याचा सकाळी काही माग राहत नाही. सेवा घडते त्याच क्षणी संपते, आणि मागे उरतो तो कागद. फाटकावर अडवायला काही नसतंच.

हे मला लष्करात कळलं नाही, आमच्या सोसायटीत कळलं. तीन वर्षं सेक्रेटरी होतो आणि दर महिन्याला झाडूवाल्यांच्या बिलावर सही करत होतो. बिलात पाच माणसं. एकदा पहाटेची गाडी पकडायला सहाला खाली उतरलो, तर आवारात तीन. आठवडाभर मुद्दाम उतरलो, रोज तीनच. सुपरवायझरला विचारलं तेव्हा तो चिडला नाही, लाजलाही नाही. या दरात पाच माणसं कुठून आणू, असं त्यानं मलाच विचारलं. दर आम्हीच ठरवला होता: तीन निविदांतली सगळ्यांत कमी.

पाचाच्या जागी तीन ही युक्ती जुनी आहे. मुघलांच्या मनसबदारांनी ती घोड्यांवर केली. अमुक इतके स्वार बाळगीन या बोलीवर जहागीर घ्यायची, आणि पाहणीच्या दिवशी शेजाऱ्याचे घोडे उसने आणून उभे करायचे. तेच घोडे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या पाहणीत. त्यावर अकबरानं घोड्याला दाग देण्याची पद्धत बसवली: तापल्या लोखंडाचा ठसा जनावराच्या अंगावर. स्वाराचा 'चेहरा' लिहून ठेवायचा: रंग कसा, तीळ कुठे, जखमेचा व्रण कुठे. दाग आणि चेहरा हे हिशेबी बारकावे वाटतात, पण फौज भाड्यानं घेणाऱ्या सरकारचा तो कणा होता. आणि तो फुकट नव्हता. दाग द्यायला कारकून लागतात, घोडा ओळखणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला विकत घेता येऊ नये अशी व्यवस्था लागते.

आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार हा भेद होता. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. शिवाजी महाराजांचा ओढा बारगिरांकडे होता. शिलेदार स्वस्त पडे, कारण घोड्याची दाणावैरण त्याच्या माथी. पण घोडा मेला तर नुकसानही त्याचंच, म्हणजे घोडा वाचवण्यातच त्याचं हित. ऐन मोक्याला हा हिशेब त्याच्या मनात येणार नाही, अशी खात्री कोण देईल? कंत्राटात काय लिहिलंय याच्या आधी नुकसान कुणाचं होणार हे पाहावं, ते इथे दिसतं.

आता आजच्या निविदेकडे येऊ. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची बोली, हा आपल्या सरकारी खरेदीचा कुलाचार आहे. वस्तूंच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. एकाचं यंत्र चांगलं, दुसऱ्याचा कच्चा माल स्वस्त, तिसऱ्यानं नफा कमी धरला. दर खाली यायला खऱ्या वाटा असतात. मनुष्यबळाच्या कंत्राटात बिलाचा बहुतेक भाग मजुरीचा, आणि मजुरी कायद्यानं ठरलेली. पीएफ, ईएसआय ठरलेलं. मग स्पर्धा कशावर होते? उरलेल्या चिमूटभर सेवाशुल्कावर. सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ठेकेदार ते शुल्क शून्याला नेऊन टेकवू लागले, म्हणून सरकारला किमान मर्यादा घालावी लागली. शून्य नफ्यावर धंदा करायला कुणी संत निघालेला नसतो. तो वीस माणसांचे पैसे घेतो आणि चौदा उभी करतो. किंवा वीसच उभी करतो आणि प्रत्येकाच्या पगारातून परत घेतो. कामगाराचं एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात, ही गोष्ट कामगार वस्त्यांत कुणाला नवी नाही. निविदा उघडताना समितीसमोर असतो तो फक्त आकडा. त्या आकड्याचं पोट कुठे भरणार आहे, हे कुणी विचारत नाही.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं यावर एक शहाणी तरतूद केली होती. पगार वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी तिथे हजर हवा, आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं भरायचा. म्हणजे पुन्हा दाग आणि चेहराच. पण त्या प्रतिनिधीला तेवढा वेळ कुणी दिला? अर्थमंत्रालयानं २०२१ मध्ये काही कामांत आणि सेवांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. चांगली गोष्ट आहे. पण गुण देणारा पुन्हा तोच जादा जबाबदारीवाला अधिकारी असेल, तर तो गुण कशाचे देणार? फायलीच्या बांधणीचे?

हा फक्त आपला, गरीब देशाचा रोग आहे असं कुणाला वाटत असेल, तर सिंगापूरच्या लिओनार्ड फ्रान्सिसची हकिगत ऐकावी. देहावरून अमेरिकी नौदलात त्याला ‘फॅट लिओनार्ड’ म्हणत. त्याची कंपनी आशियातल्या बंदरांत अमेरिकेच्या सातव्या आरमाराची सरबराई करायची. टगबोटी, पाणी, कचरा, सुरक्षेचे तरंगते अडथळे, जहाजातलं सांडपाणी उपसणं: बंदरात जहाज लागलं की जे जे लागतं ते सगळं. विमानवाहू जहाजावर पाचेक हजार माणसं. चार दिवसांत त्यांचं सांडपाणी किती निघालं? जहाजाचा कप्तान हे मोजत नाही, त्याच्या डोक्यात विमानं असतात. पुरवठा अधिकाऱ्यापुढे बिल येतं तेव्हा जहाज निघायच्या बेतात असतं. सांडपाणी तर कधीच गेलेलं. परत मोजायला काही नाही! बोफोर्सची तोफ निदान दाखवता तरी येत होती.

फ्रान्सिसनं या फटीत हत्ती घातला. प्रतिस्पर्ध्यांची म्हणून खोटी दरपत्रकं जोडली, बंदर प्राधिकरणाच्या नावाची बिलं फुगवली. पंचतारांकित हॉटेलं, बायका, रोकड असं चारून अधिकाऱ्यांकडून जहाजांची गुप्त वेळापत्रकं मिळवली आणि जहाजं आपल्याला सोयीच्या बंदरांकडे वळवून घेतली. त्याच्यावरच्या चौकशीच्या फायली फोडणारा माणूस नौदलाच्या तपास खात्यातच होता. फ्रान्सिस सप्टेंबर २०१३ मध्ये सॅन दिएगोला पकडला गेला, ३५ दशलक्ष डॉलरची जादा बिलं कबूल केली. २०२२ मध्ये नजरकैदेतून पळून व्हेनेझुएलाला गेला, परत आणला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. सिनेमाला शोभेल असा ऐवज आहे. मला त्यात बायका आणि शॅम्पेनपेक्षा सांडपाणी महत्त्वाचं वाटतं. तोफा विकून त्याला हे वर्षानुवर्षं जमलं नसतं.

त्याच अमेरिकेच्या लष्करानं इराकमध्ये ही चूक मोठ्या प्रमाणावर केली. शीतयुद्ध संपल्यावर खर्च कमी करायचा म्हणून कंत्राटं सांभाळणारी माणसं कापली. मग २००३ नंतर जेवण, धुणं, इंधन, छावण्या सगळं कंत्राटावर गेलं. कामाचा डोंगर कित्येक पटींनी वाढला, पण मोजणारे होते तेवढेच किंवा कमी. जॅक गॅन्सलर यांच्या आयोगानं २००७ मध्ये पाहिलं तर लष्कराच्या कंत्राट विभागातले जेमतेम ३ टक्के लोक गणवेशातले होते, आणि या विभागातून वर चढलेला एकही जनरल उरला नव्हता. विभागातल्या साधारण निम्म्याच लोकांकडे त्यांच्या पदाला लागणारं प्रमाणपत्र होतं. २०११ मध्ये अमेरिकी संसदेनं नेमलेल्या युद्धकालीन कंत्राट आयोगानं इराक आणि अफगाणिस्तानात वाया गेलेल्या पैशाचा अंदाज दिला: किमान ३१, कदाचित ६० अब्ज डॉलर. अफगाणिस्तानात तर रसद वाहणाऱ्या ट्रकांचं २.१६ अब्ज डॉलरचं कंत्राट होतं. ट्रक सुखरूप पोचवायची जबाबदारीही ठेकेदारांचीच, म्हणून ते वाटेतल्या टोळीवाल्यांना पैसे देत. संसदेच्या उपसमितीनं २०१० मध्ये हे उघड केलं. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्यापर्यंतही हा पैसा पोचत असल्याचा दाट संशय होता.

पैशाचं एक वेळ सोडून देऊ. जानेवारी २००८ मध्ये बगदादमधल्या एका जुन्या राजवाड्याच्या आवारात अमेरिकी विशेष दलातला एक सार्जंट शॉवरखाली उभा राहिला आणि विजेच्या धक्क्यानं गेला. पाण्याच्या पंपाला अर्थिंग नव्हतं. त्याच शॉवरमध्ये धक्का बसतो, ही तक्रार आधी झालेली होती. इमारतीच्या देखभालीचं कंत्राट होतं, पण तक्रार आली की दुरुस्त करा, एवढंच. आपण होऊन धोके शोधण्याचं काम त्यात नव्हतं. पुढे संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत ठपका ठेकेदारावर आला तसाच लष्कराच्या देखरेखीवरही आला. लष्कराचा स्वतःचा इलेक्ट्रिशियन त्या आवारात राहत असता तर त्याला कंत्राटाचं कलम पाहावं लागलं नसतं. तो स्वतःही तिथेच आंघोळ करत असता.

इथे एक वर्ग उठून म्हणेल: मग सगळं पुन्हा सैन्याच्या हातीच द्या. हे मला मान्य नाही. पहिलं कारण पैशाचं. भारताच्या २०२४-२५ च्या ६ लाख २१ हजार कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात १ लाख ४१ हजार कोटी पेन्शनचे होते. गवत कापायला जवान लावला तर त्या गवताला पेन्शनही द्यावी लागते. दुसरं, घरच्या कामात घोटाळा नसतो हा भाबडेपणा आहे. जुन्या गोठ्यांमध्ये आणि भांडारांमध्ये काय चालायचं, याच्या गोष्टी सांगणारे निवृत्त लोक पुण्यात गल्लोगल्ली भेटतील. तिसरं कारण इतिहासाचं: भाड्याच्या हातांशिवाय फौज कधी चाललीच नाही. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली अहमदनगरचा किल्ला घेऊन असईपर्यंत पोचला तो बंजाऱ्यांच्या बैलांवर लादलेल्या धान्याच्या जोरावर. पण तोफांसाठी त्याचा भर म्हैसूरच्या सरकारी अमृतमहाल जातीच्या बैलांवर होता. धान्याचा तांडा एक दिवस उशिरा आला तर फौज अर्धपोटी चालते. तोफ उशिरा आली तर लढाई जाते. वेलस्लीला ही वाटणी कुठल्या सल्लागारानं करून दिली नव्हती.

सल्लागार आजकाल दुसरीच वाटणी सांगतात: गाभ्याचं काम आणि गाभ्याबाहेरचं. लढणं गाभा, बाकी सगळं बाहेर. ऐकायला बरं वाटतं. ब्रिटिश लष्करानं २०१२ मध्ये याच तर्कानं भरतीचं काम कॅपिटा कंपनीला दिलं, १० वर्षांसाठी ४९५ दशलक्ष पौंडांचं कंत्राट. अर्ज घेणं, मुलाखती ठरवणं, जाहिराती हे काही लढणं नव्हे. भरती कार्यालयांतले सैनिक मोकळे होऊन पलटणीत जातील, वर पैसेही वाचतील. गावोगावची भरती कार्यालयं निम्म्यावर आणली. नवी ऑनलाइन यंत्रणा ठरल्यापेक्षा ५२ महिने उशिरा, नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं हिशेब मांडला तेव्हा २०१३ पासून एकाही वर्षी भरतीचं उद्दिष्ट पुरं झालं नव्हतं. दरवर्षीची तूट २१ ते ४५ टक्के. अर्ज केल्यापासून रुजू होईपर्यंत निम्म्या उमेदवारांना ३२१ दिवसांपर्यंत वेळ लागत होता, उरलेल्यांना त्याहून जास्त. एकोणीस वर्षांचं पोरगं ३२१ दिवस थांबतं होय? ते दुसरीकडे नोकरी धरतं.

गंमत म्हणजे सगळा दोष कंपनीचा नव्हता. लष्करानं कंत्राटात हजारो अटी घातल्या होत्या, आणि भरती नेमकी कशी होते हे मात्र त्यांतल्या एकाही अटीत मावलं नव्हतं. गावातल्या कार्यालयात बसलेला हवालदार आत आलेल्या पोराला चहा पाजायचा, त्याच्या बापाशी बोलायचा, डोळे तपासायला कधी जायचं ते सांगायचा. हे काम त्याच्या कर्तव्याच्या यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणून ते कंत्राटात गेलं नाही, आणि माणूस हलवल्यावर ते गेलं ते गेलंच.

म्हणून काम गाभ्याचं आहे का, या प्रश्नाला मी फारसा अर्थ देत नाही. मी दोन प्रश्न विचारीन. हे काम झालं की नाही, बरं झालं की वाईट, हे ओळखणारा आपला माणूस आपल्याकडे उरणार आहे का? आणि ठेकेदार उद्या सकाळी आला नाही तर काय? लंडन ऑलिंपिकच्या वेळी, जुलै २०१२ मध्ये, ‘जी-४-एस’ या कंपनीला कबूल केलेले पहारेकरी उभे करता आले नाहीत. उद्घाटनाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना साडेतीन हजार जादा सैनिक बोलावले गेले आणि वेळ निभावली. नागरी ठेकेदार पडला तर मागे लष्कर असतं. लष्कराचा ठेकेदार पडला तर मागे कोण?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याला पैसे पडतात, आणि घोडं तिथेच अडतं. काम बाहेर द्यायचा प्रस्ताव होतो तेव्हा कागदावर दोनच रकाने असतात: घरी केलं तर इतके, बाहेर दिलं तर इतके. देखरेखीचा तिसरा रकाना नसतो. शंभर जवान मोकळे झाले म्हणून टाळ्या पडतात. त्यांतले आठ-दहा लोक मोजणारे म्हणून ठेवायला हवे होते, हे म्हटलं की बचतीचा आकडा बिघडतो. हा रकाना सक्तीचा करावा, त्याशिवाय वित्तीय सल्लागारानं फायलीला हात लावू नये. आणि मोजणं ही जादा जबाबदारी असता कामा नये. ती पूर्णवेळ नेमणूक हवी, तिच्यातून बढतीची वाट हवी. हे म्हणताना मला माहीत आहे की पलटणीतला कुठलाही हुशार अधिकारी झाडूवाल्यांची हजेरी घ्यायला सैन्यात आलेला नाही. पण क्वार्टरमास्टर तरी शिधा तोलायला सैन्यात कुठे आला होता?

दाखल्यावरची सहीही चुकीच्या माणसाची असते. ज्या बराकीतले संडास, त्या बराकीतल्या हवालदाराला विचारा. एका दिवसात तो खरं काय ते सांगेल, कारण वास त्याच्या खोलीत येतो. समाधानकारक या शब्दाऐवजी तारीखवार तीन-चार साधे प्रश्न, आणि बिल पास करण्याआधी कुणीतरी पहाटे सहाला खाली उतरून मोजलेली माणसं. ठेकेदाराला याची धास्ती बसते, आणि चांगल्या ठेकेदाराला आनंद होतो. वीसच्या वीस माणसं आणणारा ठेकेदार आजच्या पद्धतीत निविदाच हरतो.

खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी मालकी सरकारची आणि चालवणारा खासगी, अशी योजना काही वर्षांपूर्वी आखली गेली, तेव्हा वाद झाला तो कामगारांच्या नोकऱ्यांवरून. तो रास्तच होता. पण इंजिन उघडून पाहिल्याशिवाय दुरुस्ती खरी की रंगरंगोटी हे ओळखणारे हात पंचवीस वर्षांनी कुणाकडे असतील, यावर कुणी दोन शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या जूनमध्ये त्या कॅप्टनची बदली होईल. नवा येईल तो पायदळातला असेल, कदाचित राजपुताना रायफल्सचा, पुण्याचा पाऊस पहिल्यांदाच पाहणारा. चार्ज देणाऱ्याला फायलींच्या पलीकडे सांगण्यासारखं फार नसेल. मग कंत्राटदाराचा मुकादम छत्री घेऊन पुढे होईल. तो इथे अकरा वर्षं आहे. या चेंबरचं पाणी त्या नाल्याला जातं, मागच्या बराकीची टाकी दरवर्षी जुलैत तुंबते, ही जुनी लाइन नकाशात नाही पण आहे, असं दाखवत तो साहेबांना पूर्ण आवार फिरवून आणेल. साहेब वहीत लिहून घेतील.